ट्रॅक्टरमागे काय जोडायचं

दादाने ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं त्या हिवाळ्यात माझ्या मोबाइलवर रोज दुपारी अवजारांचे फोटो येऊ लागले. मी बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहते. जेवणं उरकून, भांडी घासून गॅलरीत बसलं की समोर कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि त्यांच्या मागे नेहमीचं धुरकट आभाळ. त्या वेळेला फोन टुणकन वाजायचा. कधी रोटाव्हेटर, कधी पलटी नांगर, कधी नऊ फणांचं काहीतरी. खाली दादाचा एकच प्रश्न, 'हे कसं वाटतं?' घरात उपवर मुलगी असल्यासारखं त्याचं स्थळं बघणं चालू होतं.

मला अवजारांतलं ओ की ठो कळत नाही. पण दुपारी डोळा लागला की ती फोटोतली अवजारं आपली आपण चालू लागायची. माहेरी, मासवणला, आमच्या भाताच्या खाचरांत शिरायची, एका खाचरातून दुसऱ्यात अलगद उतरायची, बांधही मोडायचा नाही. ट्रॅक्टरचा आवाज यायचा नाही. फक्त उलटणाऱ्या ओल्या मातीचा वास यायचा, आणि मी जागी व्हायचे तेव्हा खरंच वाटायचं की हाताला चिखल असेल. हाताला भांड्यांच्या साबणाचा वास असायचा.

माझा नवरा साताऱ्याकडचा. इथे कारखान्यात नोकरीला आला आणि इथलाच झाला, पण शेत म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे उसाचा फड येतो. आमची खाचरं त्याने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, 'बाकीचं शेत कुठाय?' ट्रॅक्टरचं कळल्यावर त्याने मान हलवली. 'त्या रुमालांवर ट्रॅक्टर? वळवणार कुठं? तुमच्या ओटीवर?' मी त्याला त्या दिवशी चहा जरा उशिराच दिला.

दादा अनेक वर्षं बोईसरच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होता. लोखंड कापायचं, जोडायचं, उभं करायचं. आता निवृत्त होऊन पूर्णवेळ शेतावर. पण खिशातली पोलादी टेप काही सुटली नाही. माझ्या लग्नातलं कपाट दारातून जाईल की नाही हे त्याने कपाट दुकानात असतानाच सांगितलं होतं. भाजीवाल्याकडे दुधी लांब वाटला तरी त्याचा हात खिशाकडे जातो. त्याचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि वहिनीनेही पाहिलं नाही. तिची तीच तक्रार आहे.

एका रविवारी आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी, मनोर रस्त्यावरच्या विक्रेत्याकडे गेलो. झोडणी होऊन भात कणगीत पडलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं उन्हात सुस्त पडली होती. रिक्षात मला मधूनमधून पेंग येत होती. ट्रॅक्टर पसंत झालाच होता, छोटासा, लाल. प्रश्न होता तो त्याच्या मागे काय जोडायचं याचा.

आवारात गवतावर सगळी अवजारं मांडून ठेवली होती. त्यांच्यामधून फिरताना मला जत्रेत फिरल्यासारखं वाटत होतं. प्रत्येकापुढे थांबावं आणि त्याच्याबरोबर थोडं लांब जाऊन यावं. ट्रॉलीपुढे थांबले तर मी तिच्यात पेंढ्यावर पडून आभाळ बघत सफाळ्याच्या बाजाराला निघाले. फवारणीच्या पंपापुढे थांबले तर आंब्याच्या मोहोरावर बारीक धुकं पडायला लागलं. विक्रेता पोरगेलासा, फार गोड बोलणारा. 'काकी, तुम्ही सांगाल तेच काका घेणार,' असं तो वहिनीला म्हणाला आणि दर दोन वाक्यांनी मलाही म्हणाला.

रोटाव्हेटर घ्यायचाच होता, त्यावर वाद नव्हता. मग दादा दोन वस्तूंच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एकीकडे केजव्हील, म्हणजे चिखलणीसाठी चाकांना जोडायची लोखंडी पिंजऱ्यांची चाकं. ती लावली की ट्रॅक्टर भाताच्या चिखलात रुतत नाही. दुसरीकडे खड्डे पाडायचं भलंमोठं गिरमिट, माझ्या कमरेपेक्षा उंच, टोकाला चकाकणारं.

'गिरमिट घेऊ म्हणतो,' दादा म्हणाला. 'सोनचाफा लावायचा. सगळ्या खाचरांत. फुलाला बारा महिने गिऱ्हाईक हाय.'

'आणि भात?' मी विचारलं.

'भात बंद.'

त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला त्याचा रागच आला. केजव्हील घेतली म्हणजे भात राहणार, गिरमिट घेतलं म्हणजे भात जाणार. शेत तेवढंच, दोन्ही घेऊन करणार काय? आणि भात गेलं म्हणजे माझी आवणी गेली.

आवणी म्हणजे भाताची रोपं, आमच्याकडे त्यांना आवण म्हणतात, ती उपटून चिखलात लावायचे दिवस. आमच्या घरची एक रीत आहे. आवणी संपताना शेवटची मूठ माहेरवाशिणीने लावायची. तीही ओहोळाकाठच्या कोपऱ्यातल्या खाचरात, ज्याला आम्ही सगळे 'तिकोनी' म्हणतो. आधी आत्या यायची, ती गेल्यावर मी जाऊ लागले. दिवाळीला, भाऊबीजेला मी जातेच, पण तेव्हा माझ्यापुढे खुर्ची येते, चांगल्या कपातून चहा येतो. आवणीला मला कुणी बस म्हणत नाही. अंगणात पाय टाकते न टाकते तोच आवणाची जुडी हातात येते. त्या घरात मी अजून घरचीच आहे, पाहुणी झालेली नाही, हे मला वर्षातून तेवढ्याच दिवसांत कळतं.

हे मी तिथे बोलले नाही. मी केजव्हीलच्या बाजूने भांडले. तांदूळ विकत आणणार का, सणाला खाजगुल्या कशाच्या करणार, पेंढा कुठून येणार, असे सुचतील ते मुद्दे काढले. विक्रेता दोन्ही बाजूंना मान डोलवत होता. दादा ऐकत होता आणि तेवढ्यात त्याने खिशातून टेप काढली. गिरमिट ट्रॅक्टरला जोडून दाखवायला लावलं. मग पुढच्या चाकापासून गिरमिटाच्या मागच्या टोकापर्यंत माप घेतलं, ट्रॅक्टर गोल फिरवायला सांगितला, चाक फिरेल तिथे तिथे खडूने दुकानापुढच्या फरशीवर खुणा केल्या आणि तो वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहून शांतपणे आकडे पुटपुटत राहिला. मी रागाने बाहेर आले.

बाहेर रसवंती होती. वहिनी माझ्या मागोमाग आली आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास सांगितले. वहिनी आणि मी जवळपास एका वयाच्या. तिचं लग्न झालं तेव्हापासून आम्ही एकमेकींची टर उडवत आलोय. चरकाच्या घुंगरांचा आवाज येत होता, ऊन डोळ्यांवर आलं होतं, आणि मी त्या हिरव्या रसात बघत पावसातली खाचरं बघत होते. चिखलात उतरलेलं आभाळ, रांगेने वाकलेल्या बाया, ओल्या पायांनी खाल्लेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण.

'काय बगतेस?' वहिनीने विचारलं.

'आवणी,' मी म्हटलं.

ती हसली. 'तुला लांबून लय छान दिसते गो. तू दोन दिस येतेस. मी म्हयनाभर वाकलेली असते.' मग ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, 'चाफ्याची फुलं उभ्यानं तोडायची असतात. बाय, माजी कंबर गेली हाय. तुजा दादा कोणाला सांगत नाय, पण त्याला ठावं हाय. त्या गिरमिटाचं तेवढंच कारन हाय.'

मी जे स्वप्न इतकी वर्षं गॅलरीत बसून बघत होते ते रोज कुणाच्या तरी पाठीवर उभं होतं, आणि ती पाठ माझ्या शेजारी बाकावर बसून रस पीत होती. मला फार वाईट वाटलं, आवणीचंही आणि वहिनीचंही. आम्ही आत गेलो. दादा अजून खडूच्या वर्तुळातच होता.

'घे गिरमिट,' मी म्हटलं. 'चाफ्याचा वास चांगलाच येईल.'

दादाने माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळून खिशात टाकली.

ट्रॅक्टर आला. वहिनीने त्याला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला, आणि दादा त्यावर बसला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखा झाला. मी मधून मधून जात होते. गिरमिट जमिनीत उतरायचं तेव्हा माती त्याच्याभोवती वर वर येत बाहेर सांडायची, खालची गार, काळसर माती, जी आमच्यातल्या कुणीच कधी पाहिली नव्हती. खाचरांतून एका ओळीत खड्डे पडत गेले. काही बांध गेले, पाणी निघून जायला चर आले. संध्याकाळी उतरत्या उन्हात ते खड्डे सावलीने भरायचे आणि शेत ओळखू यायचं नाही. तरीही ते मला वाईट दिसत नव्हतं, हे खरं सांगते. खड्ड्यांच्या ओळींमधून चालताना अजून न लावलेल्या चाफ्याचा वास येतोय असं मला दोन-तीनदा वाटलं. वहिनी म्हणाली, ऊन लागलं असेल.

ओहोळाकाठचं तिकोनी खाचर तेवढं तसंच होतं, बांधांसकट. भाताचे जुने खुंट अजून त्यात उभे होते.

'हे का ठेवलंस?' मी विचारलं.

'माप चुकलं,' दादा म्हणाला. 'गिरमिट लावलं की मागची लांबी वाढते. कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नाय.'

मला नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि हसू आलं. शेवटी एकदा दादाचं माप चुकलं तर. बोईसरला परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की त्या दिवशी चहा त्यानेच केला.

पाऊस सुरू झाला. चाफ्याची कलमं लागली, प्रत्येकाशेजारी आधाराला एक बांबू. त्याचे फोटो दुपारी मोबाइलवर येत राहिले. मी ते बघायचे आणि बाजूला ठेवायचे. आवणीचे दिवस आले तसं मला कामात लक्ष लागेना. खिडकीतून पाणी पडताना दिसलं की पायांना चिखल हवासा वाटायचा. या वर्षी कुणी बोलावणार नाही हे माहीत होतं, तरी शेतातली जुनी साडी मी कपाटातून काढून खुंटीला लावून ठेवली होती. का, ते मला सांगता येणार नाही.

आणि एका सकाळी दादाचा फोन आला. 'बाय, कधी येतेस? आवण तयार हाय.'

'कसलं आवण?'

'भाताचं. दुसरं कसलं असतं?' तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पोचले तेव्हा पावसाची रिपरिप होती. चाफ्याच्या ओळींमधून आम्ही ओहोळाकडे गेलो. तिकोन्यात पाणी भरलं होतं, दादाने फावड्याने आणि पायांनी चिखल करून ठेवला होता, आणि कडेच्या पट्टीत हिरवंगार आवण उभं होतं. आवण काही आपोआप उगवत नाही. त्यासाठी वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजावा लागतो, मोड आलेलं भात पेरावं लागतं, राखावं लागतं. म्हणजे हे सगळं कधीच ठरलेलं होतं. ते माझ्या डोक्यात चिखलात उतरल्यावर शिरलं.

वहिनी माझ्या शेजारी लावत होती. तिने कमरेला पट्टा बांधला होता आणि दर दोन ओळींनंतर ती बांधावर जाऊन टेकत होती. 'एवढ्याशानं काय होत नाय मला,' असं मी न विचारताच ती म्हणाली. सगळं खाचर सकाळीच आटपणार होतं. पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि आम्ही त्यात ओळीने रोपं टोचत मागे मागे सरकत होतो. मला वेळेचं भान नव्हतं.

'दादाचं माप चुकलं ते बरं झालं,' मी म्हटलं.

वहिनी सरळ झाली. 'चुकलं कसलं! येडी की काय तू? गिरमिट लावून याच कोपऱ्यात त्यानं ट्रॅक्टर दोनदा वळवला. मी बांधावर उभी राहून बगितला. मंग खाली उतरला, चाकाच्या खुना पायानं पुसल्या आनि मला म्हनला, हितं वळत नाय.'

मी वर पाहिलं. दादा बांधावर उभा होता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन. हातात शेवटची जुडी होती. मला रडू फुटलं आणि पाऊस होता म्हणून मी ते आवरलंही नाही.

'बाय, बगत काय ऱ्हायलीस? धर,' तो म्हणाला.

मी जवळ गेले. जुडी घेताना विचारलं, 'दादा, इथं ट्रॅक्टर वळतो ना रे?'

त्याने तिकोन्याकडे पाहिलं, मग खिशाकडे हात नेला आणि तसाच परत आणला.

'नाय वळत,' तो म्हणाला. 'लाव तू मूठ.'