दोन चिऱ्यांचा उतार

भुताखेतांवर, गावच्या अदृश्य राखणदारावर, कुणाच्या अंगात येण्यावर माझा विश्वास कधी नव्हता आणि आजही नाही, हे आधी लिहून टाकते. मी बी.एस्सी. फिजिक्स आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. वडील माडावर चढून नारळ पाडायचे, आई दुसऱ्यांच्या काजूबागेत बोंडं गोळा करायची. त्यातून मी शिकले आणि आज डिचोलीकडच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. उताराचा प्रयोग दर वर्षी मीच मांडते. फळी ठेवायची, वर ठोकळा ठेवायचा, फळी हळूहळू उचलायची आणि ठोकळा किती अंशाला घसरतो ते मुलांनी वहीत लिहायचं. ठोकळा घसरतोच. "आज नको" म्हणून थांबलेला ठोकळा मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून हे लिहिताना लाज वाटते... आणि राग येतो. राग कोणावर, ते वाचताना कळेलच.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. मला अ‍ॅसिडिटीचा त्रास आहे. आडवं झालं की घशाशी जळजळतं. डॉक्टर म्हणाले, उशा रचू नका, पलंगाचीच डोक्याकडची बाजू उचला. आमच्या फ्लॅटमधला पलंग भिंतीत बसवलेला, तो उचलणार कसा? तेव्हा आठवलं, माहेरी तसा पलंग तयारच आहे. सुट्टी होती. आठ दिवसांसाठी पार्सेला गेले.

पार्सेचं आमचं घर लहानच. आता घरी दादा आणि वयनी असतात. स्वयंपाकघराला लागून मागची खोली, तिला एकच खिडकी, बाहेर फणस. त्या खोलीत आईचा पलंग. फणसाच्या लाकडाचा, वापरून वापरून आरशासारखा गुळगुळीत झालेला. पायथ्याला फळी नाही, मोकळा. आईला शेवटी दम लागायचा, म्हणून डॉक्टरांनी उशाकडची बाजू थोडी उचलायला सांगितली होती. दादाने थोडी म्हणजे काय ते विचारलं नाही, उशाच्या दोन्ही पायांखाली एकावर एक जांभ्या दगडाचे दोन-दोन चिरे लावून दिले. आई दिवाळीच्या आधी गेली. चिरे तसेच राहिले. दादा दोनदा काढायला गेला तर वयनीने काढू दिले नाहीत. का, तर म्हणे, "र्‍हवांदेत. काय खातंत?"

पहिल्या दुपारी जेवण झाल्यावर मी त्या पलंगावर पडले. गोव्यात मे महिन्याच्या दुपारी माणूस झोपणार नाही तर काय करणार. उकाड्यामुळे गादी काढलेली, लाकडावर नुसती प्लास्टिकची चटई. दहा मिनिटांत माझे पाय पलंगाबाहेर. वर सरकले, पुन्हा पाय बाहेर. तासाभरात मी पाच वेळा वर सरकले. जळजळ थांबली, पण झोप कसली?

दुसऱ्या दिवशी वयनी म्हणाली, "तू आज भायर पड. वारो असा." आणि स्वतः त्या पलंगावर जाऊन आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली. मी चार वाजता चहाला उठवायला गेले तर बाई जिथे पडली होती तिथेच. डोकं उशीवर, टाचा चटईच्या काठापासून वीतभर आत. केसाएवढी सरकलेली नाही!

"वयनी, तू घसरत नाहीस?"

"खंय घसरतलंय?" ती जांभई देत म्हणाली.

"खाली. उतार आहे ना."

"असात बाये. माका काय कळता? पडलंय काय झोप लागता."

ही माझी वयनी. बांद्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली. मोबाइलवर मेसेज आला तर आवाज ऐकून दादाला हाक मारते. पण झोप मात्र अशी की बघत राहावं. मला मेलीचा हेवा वाटला. खरं सांगते, तेव्हा तो फक्त झोपेचा हेवा होता. रात्र रात्र छातीत आग घेऊन बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याची झोप बघवत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. मोबाइलमध्ये अंश मोजायचं अ‍ॅप आहे, ते चटईवर ठेवलं. दहाच्या थोडं वर. माणूस ठोकळ्यासारखा एकदम घसरत नाही, हे मला कळतं. पण तो श्वास घेतो, कूस बदलतो, दर वेळी बोटभर सरकतो. तासाभरात वीत सहज जाते. वजन कमी-जास्त असलं म्हणून त्यात फरक पडत नाही. फरक पडला तर कपड्याने पडेल. म्हणून तिसऱ्या दिवशी वयनीचाच धुतलेला गाऊन घालून मी झोपले. टाचांपाशी खडूची रेघ मारून घेतली. तासाभराने रेघ माझ्या पोटऱ्यांखाली.

मग वयनी झोपली. तिच्या टाचांपाशी दुसरी रेघ. दोन तास. उठली तेव्हा टाचा रेघेवर.

दादा दारात उभा राहून हसत होता. "मगे, सायंटिस्ट? काय शोध लागलो?"

"तुम्ही दोघं मिळून माझी मस्करी करताय."

"चटयेक गोंद लावलाय आम्ही," दादा म्हणाला आणि वयनी तोंडाला पदर नाही म्हणून हात लावून हसली.

तेव्हा मागे न्हाणीघराचं काम चाललं होतं. गवंडी बेळगावकडचे, वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांना मी लेव्हलची नळी घेऊन आत बोलावलं. अ‍ॅप चुकत असेल असं मनात होतं. मामांनी एक टोक उशाशी धरलं, एक पायथ्याशी, आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, न्हाणीला आम्ही ह्याच्या निम्मा पण ढाळ धरत नाही ओ. तरी पाणी पळत जातंय. आन् तुम्ही ह्याच्यावर झोपतासा?"

"मी नाही, वयनी झोपते."

"मग त्यांना खालनं कोणतरी धरलं असंल," मामा म्हणाले आणि बिडी शिलगवायला बाहेर गेले. ते गमतीने बोलले. मीही हसले.

पाचव्या दुपारी मी ठरवून जागी राहिले. खुर्ची घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. बाजूच्या भिंतीवर माझा फोटो आहे, पदवीचा काळा गाऊन घातलेला, हातात गुंडाळी. आईने तो मुद्दाम पलंगावरून दिसेल असा लावून घेतला होता. येईल त्याला सांगायची, "ही आमची नंदा. बी.एस्सी." पोस्टमनला सांगायची, मासे घेऊन येणारीला सांगायची. वयनीचा फोटो त्या घरात एकच, लग्नातला, तोही कपाटाच्या आत.

वयनी झोपली होती. बाहेर फणसावर कावळा ओरडत होता, मागे मामांची थापी वाजत होती. सगळं उजेडात, दुपारचे अडीच. पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते तिच्या पायांकडे. झोपलेल्या माणसाचे पाय बाहेरच्या बाजूला पडतात. हिचे सरळ उभे होते. तळवे चपटे झालेले, बोटं किंचित मागे... भिंतीला पाय टेकवल्यावर होतात ना, तसे. आणि कडेने पांढरे पडलेले, दाबल्यावर पडतात तसे. पण समोर भिंत नव्हती. काहीच नव्हतं. वीतभर चटई आणि पुढे मी.

मी हात पुढे केला. तळव्याच्या आणि माझ्या हाताच्या मधे काही लागलं नाही. गार नाही, गरम नाही, काही नाही. पण मला हात अगदी तळव्याला लावायचा धीर झाला नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. भीती वाटली म्हणून नाही. परक्याच्या घरात दार न वाजवता शिरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात वयनीने कूस बदलली. तळव्यांवरचा दाब सुटला आणि मी बघितलं. दोन्ही तळव्यांवर कापडाच्या चुण्यांचे वळ. उशीचे गालावर उठतात तसे. रुंद वळ्या आणि त्यांच्यावरून तिरकी गेलेली एक सलग रेघ, लुगड्याच्या काठाची असावी तशी. पायांपाशी कापड नव्हतं. चटई प्लास्टिकची आणि गाऊन घोट्याच्या वर. मी मोबाइल काढून कॅमेरा उघडेपर्यंत वळ पुसट झाले. फोटो आहे माझ्याकडे. त्यात फक्त पाय दिसतात.

आई शेवटपर्यंत जाडं सुती लुगडं नेसायची.

संध्याकाळी दादा माडांना पाणी सोडत होता, तिथे गेले. विचारलं, आई या पलंगावर कशी झोपायची?

"झोपता खंय? घसरायची. आडवी केली की खाली." त्याने पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. "मग ही पायथ्याशी बसायची. आईचे पाय मांडयेर घेऊन. तेवढ्यान आई थांबायची, झोप लागायची तिका. रोज दुपारचे दोन तास. उठली की हिच्या पायांक मुंग्यो. चालूक येत नसा."

"किती दिवस?"

"शेवटचे चार महिने."

"मला कोणी बोललं नाही!"

"तुका खंय दिसतला?" दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "आयताराक तू यायची. आई सकाळपासून मागे लागायची, नंदा येतली, माका बसवा. धुतलेला लुगडा नेसायची, खुर्चेर बसायची. तू गेली की आडवी पडायची."

मी दर रविवारी जायचे. सफरचंदं न्यायचे, औषधांच्या पट्ट्या तपासायचे, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवायचे. आई खुर्चीत ताठ बसून ऐकायची. चार महिन्यांत मी तिला आडवी झालेली पाहिली नव्हती. मला वाटायचं, बरी आहे.

त्या रात्री मी वयनीशी बोलले नाही. शेजारी बसून भांडी तेवढी घासली. मुलगी कोण होती त्या घरातली? पोस्टमनला कुणाचं नाव सांगायची आई? पोटची मी, आणि आईने येऊन पाय धरायचे ते हिचे? एवढं मोठं वय झालं माझं, पण लिहिताना आताही घशाशी येतं, आणि ती अ‍ॅसिडिटी नाही.

निघायच्या आदल्या दुपारी मी आत जाऊन दार ओढून घेतलं. पलंगावर पडले आणि मोठ्याने बोलले. बी.एस्सी. फिजिक्स, रिकाम्या खोलीत. "आई, मी पण आलेय. बघ ना माझ्याकडे." डोळे मिटून पडून राहिले. पाठीखालून चटई सरकताना कळत होती. टाचा काठावर आल्या. मग बाहेर गेल्या. मी वर सरकले नाही. जाऊ दे म्हटलं.

दार वाजलं. वयनी आत आली. तिने ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या काखेत हात घालून मला वर ओढलं, पायथ्याशी मांडी घालून बसली आणि माझे पाय उचलून मांडीवर घेतले.

"वयनी, नको."

"गप निज. बडबड करू नको."

मी दोन तास झोपले. त्या वर्षातली माझी पहिली सलग झोप. जागी झाले तेव्हा ती बसल्या बसल्या डुलकी घेत होती, हात माझ्या घोट्यांवर. तिला उठवलं तर तिला उभं राहता येईना, पलंगाला धरून हसायला लागली. "मुंग्यो गो, मुंग्यो!"

मी पाय वळवून तळवे बघितले. तिच्या गाऊनच्या चुण्यांचे वळ होते, अगदी तसेच, फक्त बारीक. माझ्यापुढे एकाच प्रयोगाचे दोन निकाल होते. माझ्या वळांचं कारण समोर उभं राहून पाय चोळत होतं. तिच्या वळांचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

घरी आल्यावर आमच्याकडे सुतार बोलावून भिंतीतला पलंग सोडवून उचलून घेतला. सहा इंच, मोजून. मी रोज घसरते. दादा फोनवर सांगतो, वयनी दुपारी तिथेच झोपते, चिरे तसेच आहेत. पूर्वी मला फक्त तिचा हेवा वाटायचा. आता आईचाही वाटतो. त्या मांडीवर चार महिने तिचे पाय होते, माझे दोनच तास.