दांड्यावरचा लाल गोळा

रहिमतपूर मागं पडलं आणि रस्ता तापायला लागला. दोघीही अनवाणी. पद्मा कडेची माती धरून चालत होती, तिची नणंद क्रांती मात्र सरळ डांबरावरून. एका हातात रुमालाची गाठ आणि दुसऱ्या हाताची बोटं पाण्याच्या कॅनवर वाजत होती. टक, टक, टकटक.

"वन्सं, औंध येईपर्यंत तरी बोटं थांबवा की," पद्मा लटक्या मानानं म्हणाली.

"मी कुठं काय करतीय?" म्हणत क्रांतीनं बोटांकडं बघितलं आणि हात ओढणीखाली घेतला. शेतभर अंतर गेलं नसेल, तोवर ओढणीखाली पुन्हा टकटक सुरू.

रुमालात लिंबाएवढा लाल गोळा होता. व्हिडिओ गेमच्या मशीनला जो दांडा असतो, त्याच्या टोकावरचा. तो औंधच्या यमाईच्या पायांवर ठेवायचा आणि क्रांतीनं त्या मशीनला पुन्हा हात लावायचा नाही, असा नवस होता. म्हणून गोळाही गंगाधरनंच फिरवून काढून दिला होता. गंगाधर म्हणजे क्रांतीचा थोरला भाऊ, पद्माचा नवरा. सांगलीत एसटी स्टँडच्या मागं त्याचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं.

क्रांती बारावीला अडकली आणि गावाकडून भावाकडं राहायला आली. दादाचा डबा पोचवायचं काम तिच्याकडं आलं. डबा देऊन यायला दहा मिनिटं पुरली असती, पण ही यायची चार वाजता. पद्मा वाईच्या घाटावर वाढलेली. पोरांच्या गर्दीत पोरगी उभी राहते हे तिला पटेना, म्हणून ती एकदा स्वतःच बघायला गेली. दुपारची वेळ, पार्लरमध्ये चिटपाखरू नाही. क्रांती एकटीच मारामारीच्या गेमसमोर, ओढणी कमरेला खोचून.

"ह्या बडवाबडवीत काय ठेवलंय गं एवढं?"

"वैनी, एक बुक्की कुणीबी मारंल," पडद्यावरची नजर न काढता क्रांती म्हणाली. "पर त्या बुक्कीचा हात माघारी यायच्या आत दुसरी लागली पायजे. दुसरी संपायच्या आत लाथ. मदी फट पडली की समोरचा सावध झाला, मग सगळं पयल्यापास्नं. पोरं ह्याला कॉम्बो म्हणत्यात."

पद्माला आपली जपमाळ आठवली. रोज पहाटे माळ ओढताना तिचंही असंच व्हायचं. एक नाम संपायच्या आत दुसरं यायला हवं. मध्ये फट पडली की त्या फटीतून दुधाचा रतीब आत शिरायचा, गॅसची टाकी शिरायची. त्या दिवसापासून तिनं क्रांतीला उशिराबद्दल बोलणं सोडलं.

मग एकदा तालमीतला आप्पासो आला. मशीनसमोर क्रांतीला बघून पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं, चपात्या लाटायच्या सोडून मारामाऱ्या?"

"चपात्या सकाळीच लाटल्या की. आता तुलाच लाटायचा ऱ्हायलाय. ये हिकडं."

पोरं खिदळली. आप्पासोच्या गड्याला पडद्यावर एकदा हवेत उडवला तो क्रांतीनं खाली टेकूच दिला नाही. त्यानं तिथंच कान पकडले आणि पुढं तिला वस्ताद म्हणायला लागला. घरी सांगताना क्रांतीच्या तोंडावर जे हसू होतं, ते पद्माच्या अजून डोळ्यांपुढं होतं. कारण नंतर ते दिसलंच नाही.

पावसाळ्यात गंगाधरची कावीळ उलटली. दवाखान्यात डॉक्टर नीट काही सांगेनात. पार्लर क्रांतीच बघायची. एका संध्याकाळी ती दवाखान्यात आली आणि पद्माच्या शेजारी बाकावर बसत म्हणाली, "वैनी, मी यमाईला बोलले. दादा आपल्या पायानं घरी आला तर ह्या हातानं त्या मशीनला शिवणार न्हाई."

"अगं, दुसरं काही सोडायचं. कांदा सोडायचास, भात सोडायचास."

"जे सोडून कायबी वाटत न्हाई, ते देवीला काय म्हणून द्याचं?"

गंगाधर आपल्या पायानं घरी आला. क्रांतीनं शब्द पाळला. गल्ल्यावर बसून पोरांना टोकन द्यायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून. समोर कुणाचा डाव चुकला की तोंड फिरवायची. जेवण अर्ध्यावर आलं. गंगाधर म्हणाला, "मशीनच विकून टाकतो," तर ती रडली. पद्माला रात्रंदिवस एकच घोर होता: नवरा परत मिळाला, पण ही पोरगी आतून वाळत चाललीय. आणि देवीला दिलेला शब्द मागं घे म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती.

डोंगराच्या पायऱ्या चढून दोघी देवीसमोर आल्या तेव्हा मागं गर्दी होती. पद्मानं ओटी भरली. क्रांतीनं रुमाल सोडून पुढं केला. गुरवांनी गोळा उचलला, फिरवून बघितला.

"लेकराच्या नवसाचं खेळणं न्हवं?"

खुळखुळे, पाळणे, भिंगऱ्या, काय काय येत असेल त्यांच्याकडं. उत्तराला ते थांबलेच नाहीत. गोळा देवीच्या पायांना लावला, कुंकू लावलं आणि नारळाच्या वाटीबरोबर पद्माच्या पदरात टाकला.

"घ्या माउली. खेळणं आई ठेवून घेत न्हाई, हात लावून माघारी देती. घरात खेळू द्या."

पद्माच्या घरात अजून पाळणा हलला नव्हता. क्रांती खरं सांगायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मागच्या बायकांनी रेटलं आणि दोघी बाहेर आल्या.

"वैनी, त्यांचं चुकलं. चला, परत देऊन येऊ."

"ओटीत पडलेला प्रसाद माघारी देत नाहीत, क्रांती."

"मग माझा नवस?"

पद्मानं पायरीवर बसून पदर उघडला. लालावर लाल कुंकू दिसत नव्हतं, बोटांना तेवढं लागत होतं. देवाशी वकिली करणाऱ्यांतली ती नव्हती. "नवस तुझा आहे, तो तसाच राहील. तुझा हात लागायचा नाही," ती म्हणाली. "पण हे माझ्या पदरात पडलंय. माझ्या घरात खेळू द्या म्हणालेत."

पायऱ्या संपल्या, स्टँड आलं, परतीच्या गाडीला वेळ होता. कॅनवर टकटक सुरू झाली आणि मध्येच थांबली.

"वैनी, मी हाताचं बोलले हुते. तोंडाचं कायबी बोलले न्हवते."

"म्हणजे?"

"दादाला गोळा परत बशिवू द्या. दुपारचं गिऱ्हाईक नसतंय, तवा तुमी उभ्या ऱ्हावा मशीनफुडं. मी मागनं सांगती."

"मी? अगं, मला मिक्सर लावायची भीती वाटते."

"आवं, रोज माळ वढताय न्हवं, मदी फट पडू न देता? निम्मं आलंय तुमाला." किती तरी दिवसांनी ती हसली, आणि मग पद्माचा हात धरून, देवळात बोलावं तसं हळू म्हणाली, "एवढं माझ्यासाठी शिका, वैनी."