गंगावनाशिवाय

मुदतीचा ताप मला सोडून गेला तेव्हा माझे केसही घेऊन गेला. कमरेखाली पोचणारी काळीभोर, सरळ वेणी होती माझी. आईने ती खोबरेल पाजून पाजून वाढवली होती. तापात तिचा असा गुंता झाला की वैद्यांच्या सांगण्यावरून आईनेच ती रडत रडत मानेशी कापली, आणि जे उरलं ते पुढे उशीवर गळून पडलं. अंथरुणातून उठले तेव्हा डोक्यावर हात फिरवला की चोखलेल्या आंब्याच्या कोयीवर फिरवल्यासारखं वाटे.

मग नवे केस आले, आणि ते कुरळे आले. आमच्या घराण्यात कुणाचे तसे नव्हते. बोटाएवढे झाले की गोल वळायचे आणि तिथेच बसायचे, पुढे वाढण्याचं नाव नाही. आई म्हणाली, अंगातली उष्णता अजून गेली नाही. आत्या म्हणाली, "डोक्यावर काथ्या उगवलाय गो तुझ्या. दोरखंड वळायला भाट्याच्या काथ्यावाल्यांकडे पाठवू या."

ही आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. अंगावर लाल आलवण, आणि ठरल्या दिवशी मागल्या दारी न्हावी येऊन तिचं डोकं भादरून जाई. आमच्या काळी बाईमाणसाचे केस आखूड दिसले तर कारणं दोनच असत, मोठं दुखणं नाहीतर वैधव्य. माझं दुखणं तर संपलं होतं. दुसऱ्या कारणाचं नाव काढणंही आईला सोसत नव्हतं. म्हणून माझे केस लवकर लांब व्हावेत याचा तिने ध्यास घेतला होता.

तोवर सोय म्हणून तिने गंगावन केलं. तेसुद्धा माझ्याच कापलेल्या वेणीचं. तो गुंता तिने तेल लावून लावून, एकेक केस सुटा करून सोडवला होता, आणि मुळाशी काळ्या दोऱ्याने घट्ट बांधून माझ्या डोक्यामागे खोचायची युक्ती काढली होती. पुढे कुरळे आणि मागे शेपटासारखे सरळ! अंगणातून पुढून एक मुलगी यायची आणि मागून दुसरीच जायची. शिवाय फुगडी घालताना ते एकदा सुटून तुळशीवृंदावनावर जाऊन पडलं, तेव्हा शेजारची कुत्री बराच वेळ त्याच्यावर भुंकत होती.

खरी अडचण मात्र अशी होती की मला माझे आखूड केस आवडायला लागले होते.

याला कारण एक बिस्किटांचा रिकामा डबा. वडील कचेरीत कारकून होते, तिथून तो कधीतरी घरी आला होता आणि त्यात आई मेथ्या ठेवायची. डब्यावर एक मड्डम होती. तिचे केस कानापर्यंत, कुरळे, आणि कपाळावर एक बट अशी काही पडलेली की मला वाटलं, ही आपलीच बहीण. मग काय! वडिलांचा दाढीचा आरसा खांबाला टांगलेला असे. घरात कुणी नसलं की मी त्यासमोर उभी राहून मान वळवून वळवून बघायची. मान अवघडेपर्यंत. रत्नागिरीत एवढी देखणी मुलगी आजवर झाली नाही अशी माझी पक्की खात्री पटली होती. नाकाला शेंबूड आणि गुडघ्याला खरचटलेलं, ते आरशात दिसत नव्हतं ना!

तर मी ठरवलं की हे केस आता असेच ठेवायचे. गंगावन पुन्हा डोक्याला लावायचं नाही.

हे ठरवून होतंय तोच देवरूखहून स्थळ आलं. मार्गशीर्षात मंडळी बघायला येणार असा निरोप आला. आईने गंगावन पेटीतून काढून उन्हात टाकलं.

"मी हे लावणार नाही," मी म्हटलं.

"का नाही?"

"खोटं आहे ते."

"खोटं कसलं? तुझेच केस, तुझ्याच डोक्यावर. दुसऱ्या कुणाचे लावत्ये का मी?"

तिचं म्हणणं खरं होतं. पण म्हणून मी ऐकणाऱ्यातली नव्हते. मी वडिलांकडे गेले. वडील वर्तमानपत्राआड होते. पत्राआडूनच म्हणाले, "तुम्ही दोघी काय ते ठरवा." एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

मग मी माझ्या डोक्याने एक मार्ग काढला. केस आखूड असले तरी शहाण्यासारखे बसलेले दिसले तर कुणाची तक्रार राहणार नाही. प्रश्न एवढाच, की त्यांना बसवायचं कसं? शिकेकाईने ते फणसाच्या काट्यांसारखे उभे राहत. खोबरेल लावलं तर निथळून कानांत उतरे. फणी घातली की वळणं मोडत आणि सगळे मिळून झाडूसारखे पसरत. शेवटी माझी नजर भिरंडेलाच्या गोळ्यावर गेली.

भिरंडेल म्हणजे रातांब्याच्या, कोकमाच्या फळाच्या, बियांचं तेल. थिजलं की पांढरं, घट्ट होतं आणि लाडवासारखे गोळे करून ठेवतात. आमच्याकडे ते फुटलेल्या टाचांना लावत. मी म्हटलं, जे टाचा बसवतं ते केस का नाही बसवणार?

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी चुलीवर पळीत भिरंडेल पातळ केलं आणि कोमट असतानाच केसांना चोपडलं. काय सांगू! केस चमकायला लागले. बोटांनी एकेक लाट बसवली, कपाळावर बट ओढली. हुबेहूब डब्यावरची! आई गंगावन घेऊन मागे लागली, पण एवढ्यात दारात कुणीतरी हाक मारली आणि ती धावली. पाहुण्यांची मोटर वाटेत बंद पडली होती, त्यांना यायला उशीर होणार होता. परत येऊन तिने गंगावन खोचून बघितलं, पण तेलकट केसांवरून ते घसरून पडलं. मी माजघरात सारवलेल्या गार जमिनीवर शहाण्यासारखी बसून राहिले. बाहेर थंडी होती, आत त्याहून जास्त.

भिरंडेल गार झालं की थिजतं, हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण ते माझ्या डोक्यावरही थिजेल, हे काही माझ्या सुंदर डोक्यात आलं नाही.

पोह्यांच्या बशा घेऊन मी ओटीवर गेले. नवऱ्या मुलाची आई पाटावर बसली होती. जाडजूड, हसतमुख, नाकात टपोरी नथ. तिने मला जवळ बसवलं, नाव विचारलं, आणि बोलता बोलता माझ्या डोक्याकडे हात नेला. तेव्हा बायका मुलीचे केस ओढून बघत, खरे की बांधलेले. तिने बट धरली मात्र, आणि हात थबकला.

"अगो बाई, हे कडक काय लागतंय?"

मग तिने वाकून बघितलं. माझ्या प्रत्येक वळणावर पांढरे कण बसले होते.

"लिखा! डोकंभर लिखा आहेत हो पोरीच्या!" असं म्हणून तिने पोह्यांची बशी लांब सरकवली.

बघायला आलेल्यांसमोर मुलीने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला आईने आठवडाभर शिकवलं होतं. पण उवांचा आळ! माझ्या केसांवर!

"लिखा नाहीत त्या. भिरंडेल आहे," मी म्हटलं. "हवं तर वास घेऊन बघा." आणि मी डोकं तिच्या नथीखाली नेलं.

बाईने खरंच वास घेतला. एका बटेला नख लावून तो कण चोळून बघितला. बोटावर विरघळला.

"भिरंडेलच आहे हो!" ती ओरडली आणि इतकी हसली की पाट हलला. "टाचेचं औषध डोक्याला? का गो, पायांनी चालतेस की डोक्याने?"

"केस बसावेत म्हणून लावलं."

"आणि लांबी केवढी?"

"एवढीच."

"वाढतायत, वाढतायत!" आतून आईचा आवाज आला.

"वाढवणार नाही मी," मी म्हटलं.

वडिलांना ठसका लागला. बाई मात्र रागावली नाही. जाताना वडिलांना म्हणाली, "पोर तोंडाळ आहे, पण लबाड नाही. आम्हांला पसंत आहे. लग्न वैशाखात करू. तोवर केस मानेखाली उतरतील, मग गंगावन नीट टोचता येईल. लग्नात चार लोकांसमोर अंबाडा दिसला पाहिजे, आणि पुढेही. एवढी एकच अट."

मंडळी गेली. आई आनंदाने देवासमोर साखर ठेवायला धावली. मी न्हाणीघराच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "मला नको हे स्थळ."

पुढे जे झालं ते सगळं लिहीत नाही. आई म्हणाली, "एवढ्याशा केसांपायी चांगलं घर घालवशील?" मी म्हटलं, "घालवीन." ती म्हणाली, "का पण?" आज नातीने विचारलं तर मी स्त्रीच्या मनाबिनाबद्दल भारदस्त काहीतरी सांगेन. तेव्हा मी आईला खरं ते सांगितलं, "मी छान दिसते म्हणून." आईने कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी आत्याने मला मागल्या पडवीत बसवलं आणि डाळीचं पीठ नि कढत पाणी घेऊन डोक्यातलं भिरंडेल काढायला लागली. बराच वेळ नुसती चोळत होती. तिच्या बोटांना केसांची सवय राहिली नव्हती, मध्येच थांबून एखादं वळण सरळ करून बघायची आणि सोडून द्यायची. ते पुन्हा गोल होई.

"आखूडच हवेत तुला?" तिने विचारलं.

"हो."

"लोक माझ्याकडे बघतात तसे तुझ्याकडे बघतील."

"बघू देत."

"बघू देत म्हणणं सोपं आहे गो." जरा वेळाने ती म्हणाली, "मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारतायत. मग हो म्हणायचं तर घट्ट म्हण, उद्या रडत येऊ नकोस."

मी घट्ट म्हटलं. तेव्हा ती उठून वडिलांची मिशा कापायची कात्री घेऊन आली. न्हाव्याला सांगायची सोय नव्हती. तो आमच्या दारी कशासाठी येतो ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, आणि त्याच्यापुढे मला बसवलेलं आईला बघवलं नसतं. आत्याने स्वतःच केस मानेशी एका रेषेत कापले. मग कुंपणावरच्या जास्वंदीची पानं आणायला लावली, ती पाण्यात कुस्करून त्यांचा बुळबुळीत रस काढला आणि केसांना लावला. "फणी घालायची नाही. बोटांनीच सोडवायचे. पंच्याने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या धोतराने टिपायचे."

"तुला कसं ठाऊक?"

"माझे कुरळेच होते," आत्या म्हणाली, आणि कात्री धुवायला उठली.

म्हणजे घराण्यात कुणाचेच नव्हते, असं नव्हतं. फक्त कुणाला आठवत नव्हते.

वडील पडवीच्या दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी जमिनीवर पडलेल्या बटा बघितल्या, बहिणीकडे बघितलं, मग मला म्हणाले, "नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी टोपी घातली आणि देवरूखला नकाराचं पत्र टाकायला गेले. आईने मला रागाचं एक अक्षर ऐकवलं नाही. फक्त संक्रांतीपर्यंत रोज, मला मुळीच न आवडणारी, मुळ्याची भाजी केली.

फाल्गुनात पावस गावची मंडळी आली. आंब्याची बाग होती त्यांची. या खेपेला मी केस आदल्या दिवशी न्हाऊन जास्वंदीच्या रसाने बसवले होते, आणि डोक्यावर दुसरं काहीही नव्हतं. मी आणि आई माजघराच्या दाराआड उभ्या होतो. पाहुण्यांना पाणी दिलं जातंय तोच वडील उभे राहिले. माझ्या वडिलांना मी कधी चार माणसांत उभं राहून बोलताना ऐकलं नव्हतं.

"मुलीला बोलवायच्या आधीच सांगतो. तिचे केस आखूड आहेत, आणि आखूडच राहणार आहेत. तिला तसेच हवेत. गंगावन लावणार नाही. तुम्हांला चालत नसेल तर चहा घ्या, आणि राग नको."

मी आईचा हात घट्ट धरला, की तिने माझा धरला, आता आठवत नाही. मग एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा आवाज आला. ती मुलाची आजी.

"न्हायला पाणी किती लागतं तिला?"

वडील गडबडले. या प्रश्नाची तयारी त्यांनी केली नव्हती.

"म्हणजे काय आहे," आजी सांगू लागली, "कातळावरची विहीर आमची. शिमगा उलटला की तळ दिसायला लागतो. घरात तीन सुना, तिघींच्या वेण्या गुडघ्यापर्यंत, न्हायच्या दिवशी रहाटावर माणूस उभा करावा लागतो. झाडांना पाणी घालू की सुनांना घालू, असं होतं. म्हणून विचारते."

वडिलांनी दाराकडे बघितलं. मी तोंड उघडणार तोच आईने मला मागे सारलं आणि दाराआडून, ठसक्यात म्हणाली, "एक कळशी. तीसुद्धा उरते."

मला दोन लागत, आणि आईइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं, दुसरी कळशी नेहमी तीच ओतायची.

"एका कळशीत!" आजी म्हणाली. "बाहेर आणा हो तिला. बघू दे डोकं."

आईने माझ्या कपाळावरची बट, ती मेली डब्यावरच्या मड्डमेची बट, बोटाने जागेवर बसवली आणि मला दाराबाहेर ढकललं.