सात मतं, चौदा शिक्के

एकाहत्तर सालच्या लोकसभेच्या निवडणुकीत माझ्या आईनं, माझ्या बायकोनं आणि माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मिळून मला फसवलं. दोघे धाकटे भाऊ त्यात सामील होते, त्यांच्या बायका होत्या, आत्यासुद्धा होती. घरात माझ्या बाजूनं राहिलं ते फक्त कुत्रं, तेही त्याला मत नव्हतं म्हणून!

मी बैलांचा व्यापारी. वडिलांकडून मला एक चाबूक मिळाला, तोही तुटका. पुढचं सगळं माझं मीच केलं. तिसगावच्या बाजारात उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून, गुपचूप भाव ठरवून मी असे सौदे केले आहेत, की माणूस घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आपण बैल विकायला गेलो होतो आणि दुसराच घेऊन आलो. त्याच कमाईतून गावाबाहेर ओढ्यापलीकडं सहा एकर घेतले, विहीर पाडली. विहिरीला पाणी लागलं. धड लागलं नाही ते पाणी वर आणणारं यंत्र! माझं ऑइल इंजिन म्हणजे घरजावई होतं. मनात आलं तर चालायचं, आणि बळजबरी केली तर हँडल उलटं मारायचं. त्या हँडलनं माझं मनगट दोनदा मोडलं. (दुसऱ्यांदा मी त्याला लाथ घातली, तेव्हा पायही.)

अशात बातमी आली, की आपल्या भागात विजेचे खांब येणार. खांब ओढ्यापर्यंत येणार हे नक्की होतं. प्रश्न पुढचा होता. आमचा ओढा एवढा, की शेळी एका उडीत पार करते. पण विजेच्या खांबाला तो ओलांडायचा तर त्याला वरून कुणाचा तरी शब्द लागतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं. आणि निवडणूक आली!

पक्षांची खरी नावं सांगत नाही, चिन्हंही बदलून सांगतो. एक छत्रीवाले, दुसरे शिडीवाले. छत्रीचे गावातले प्रचारक गणपतराव आधी आले.

"तात्या, घरात किती मतं?"

"आठ."

"आठीच्या आठ छत्रीला?"

"ओढ्यापलीकडं खांब येतोय का, त्यावर हाय."

"येतोय की! निवडून येऊ द्या, खांब चालत येतोय तुमच्या विहिरीवर!"

मी उपरणं पुढं केलं. त्यांनी मागं सारलं. "हे बैलाचं झालं. मताला बेलभंडारा लागतो."

देवघरापुढं ताटात बेलाचं पान आणि भंडारा ठेवला. खंडोबाची आण घेऊन आठी जणांनी तो उचलला. आई तर डोळे मिटून. विषय संपला.

संपायला पाहिजे होता. पण तिसऱ्या दिवशी शिडीचे सखाराम आण्णा दारात. तेही म्हणाले, खांब आणतो. वर म्हणाले, दोन आणतो! आता तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक चढून बोलत असताना व्यापाऱ्यानं काय तोंडात पानाचा तोबरा भरून बसायचं? मी "व्हय" म्हणालो. त्यांनीही बेलभंडारा मागितला.

"आरं, परवाच उचलला की!" आई स्वयंपाकघरातून कुजबुजली. "द्येवाला काय आठवन न्हाई व्हय?"

"तू गप उचल. मी बघतो."

माझा हिशेब सरळ होता. चार मतं छत्रीला, चार शिडीला. कुणीही येवो, त्याच्या दारात जाऊन "आमी तुमाला मतं दिली" असं खरं बोलता येणार. (बाजारात एक बैल दोघांना विकला असता, तर लोकांनी मलाच खुंट्याला बांधलं असतं. पण राजकारणात मला वाटलं चालतं. आजूबाजूला चालताना दिसत होतं.)

आई मात्र जेवेना. "आठ मतांची आण घेतलीस, आन देनार चार. दोन्हीकडनं खोटं. खंडोबा ह्या घराला ठेवनार न्हाई." असं तीन दिवस. चौथ्या दिवशी तिच्या मदतीला माझा मेहुणा धावला.

वसंत गुरुजी, बायकोचा भाऊ, श्रीरामपूरच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवतो. तो एसटीतून उतरतो तोच बोलत उतरतो. रात्री पंगतीला त्यानं आमटीचा भुरका मारला आणि म्हणाला, "भावजी, आपली पद्धत मागासलेली. पश्चिम जर्मनीत बघा, प्रत्येकाला दोन मतं! एकाच कागदावर. एक आपल्या भागातल्या माणसाला आणि एक पक्षाला. माणूस एका पक्षाचा निवडा, पक्ष दुसराच निवडा, काही हरकत नाही!"

आईचा वाढायचा हात पिठल्यातच थांबला. "म्हंजी गुरुजी, दोन शिक्के चालत्यात?"

"तिकडे चालतात, मावशी."

"आन दोघांनाबी पोचत्यात?"

"अगदी! कुणावरच अन्याय नाही. मोठी सुधारलेली पद्धत आहे!"

"वसंतराव," मी म्हणालो, "जर्मनीत माझी विहीर न्हाई. आमटी जेवा." त्याच क्षणी मला आईच्या तोंडाकडं बघायला पाहिजे होतं. बैलाच्या दातावरून त्याचं वय सांगणारा माणूस मी, पण आईच्या कपाळावरची आठी गेलेली मला दिसली नाही! त्या रात्री ती दोन भाकरी जेवली. मला वाटलं, भूक लागली असेल.

मतदानाच्या दिवशी बैलगाडी जुंपली. वाटेत मी सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. "मी, आई, धाकट्यांतला थोरला आणि त्याची बायको, छत्री. बाकीच्यांनी शिडी. सांग, आत्या?"

"शिडी."

"आई?"

"सांगितलंस तसंच करनार," आई म्हणाली. (नीट ऐका. कधी सांगितलं तसं, हे आई म्हणाली नाही. मी तिला दोनदा दोन गोष्टी सांगितल्या होत्या!)

मतदान शाळेत होतं. बायका पुढं गेल्या. आई कागद घेऊन आडोशामागं गेली आणि येईचना. मी रांगेतून ओरडलो, "आई, झालं का? एकच मारायचाय!"

टेबलावरचे साहेब म्हणाले, "अहो, ओरडू नका. मतदान गुप्त असतं."

"म्हातारी हाय माझी. चुकंल."

"चुकू दे. तिचं मत आहे."

"तिचं कसं? सौदा मी केलाय!"

सगळी शाळा माझ्याकडं बघायला लागली. हवालदारानं माझ्या दंडाला धरलं आणि लिंबाखाली आणून बसवलं. "डोकं थंड झालं की या, तात्या. पेटी कुठं पळत न्हाई."

एवढं समजुतीनं बोलल्यावर कुणीही गार झाला असता. पण मला त्याची ती समजूत सहन होईना. "मला न्हाई करायचं मतदान!" असं गरजून मी उठलो आणि चार मैल उन्हातून पायी घरी आलो. निम्म्या वाटेत लक्षात आलं, की बैलगाडी माझी आहे. परत कसा जाणार? शब्द टाकला होता.

संध्याकाळी ओट्यावर पाय चोळत बसलो होतो, तर गणपतराव आणि सखाराम आण्णा एकाच वेळी आले. दोघांनी एकमेकांकडं पाठ फिरवली, मग माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत आई पाणी घेऊन बाहेर आली.

"काळजी करू नगा बाबांनो," ती म्हणाली. "दोघांनाबी दिलं. पुरं दिलं."

"दोघांना? म्हंजी निम्मी निम्मी?" गणपतरावांनी विचारलं.

"निम्मी कशाला? त्या जर्मनच्या रीतीनं. येक शिक्का छत्रीवर, येक शिडीवर. समद्यांनी तसंच केलं. येकाचीबी आण मोडली न्हाई."

मी भावांकडं बघितलं. ते बैलांकडं बघत होते. "आईनं सांगितलं, दादा," थोरला पुटपुटला. बायको दाराआडून म्हणाली, "अवो, वसंतादादानंच न्हाई का सांगितलं, सुधारलेली पद्धत हाय म्हून?"

दोन शिक्के म्हणजे मत बाद. सातीच्या सात बाद! आठवं माझं, ते मी लिंबाखाली ठेवून आलो होतो.

एवढ्यावर त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी बरं होतं. ते दोघे हसले. ओटा धरून हसले, डोळे पुसून हसले, आणि एकाच मोटारसायकलवर बसून हसत गेले! गावात त्यांची तोंडं एकमेकांकडं होत नव्हती म्हणे. आमच्या घरानं त्यांचा समेट केला. पुढच्या बाजारी एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "तात्या, हा बैल येकट्याला विकताय, का जर्मनच्या रीतीनं?"

निवडणूक झाली, कुणीतरी आलं, कुणीतरी पडलं. काही महिन्यांनी खांब आले. आले, आले आणि ओढ्याच्या अलीकडं, शेजारच्या नामाच्या विहिरीवर थांबले. नामाची मोटर घूं करायची आणि पाणी पाटानं पळायचं. मी इकडून हँडल मारत ते बघायचो.

एक दिवस हँडलनं तिसऱ्यांदा मनगट धरलं, तेव्हा मी गळ्यात हात अडकवून सरळ पाथर्डीला वीजखात्याच्या ऑफिसात गेलो. टेबलावर चांगला हात आपटला. "खांब ओढ्यापाशी कुणी अडवला? छत्रीनं, का शिडीनं? नाव सांगा!"

तिथला क्लार्क शांत माणूस होता. त्यानं वही काढली, बोट वरून खाली नेलं, मग परत खालून वर नेलं.

"तुमचा अर्ज दिसत नाही."

"कसला अर्ज?"

"विहिरीला वीज हवी म्हणून. तुमच्या शेजाऱ्यानं केला होता. दोन पानी असतो."

"आन त्याला कुणाचा शब्द लागतो?"

"सही लागते," तो म्हणाला. "तुमची."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. दोन पक्ष झाले, दोनदा खंडोबा झाला, सगळं घर कामाला लावलं, आणि जगात एक माणूस मला म्हणाला नाही, की तात्या, अर्ज कर! नामाला ठाऊक होतं, तो बोलला नाही. आमदार-खासदार व्हायला निघालेल्यांना ठाऊक होतं, ते बोलले नाहीत. आता मी दमलोय, भांडायचीही ताकद राहिली नाही. पण एवढं मला कळलंच पाहिजे. साऱ्या तालुक्यात हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला कुणीच काही सांगायचं नाही, हे ठरवलं कुणी? ज्यानं ठरवलं असेल त्यानं माझ्यासमोर यावं आणि जाब द्यावा. येताना अर्जाचा नमुनाही आणावा. मी अजून भरलेला नाही.