बीपनंतर पूर्ण नाव सांगा

माझ्या आईनं लग्नानंतर बावन्न वर्षं माझ्या वडिलांचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आम्ही जुन्या निजाम राज्यातल्या मराठी मुलखातले. शेती सुटून दोन पिढ्या झाल्या, बाबांची सगळी नोकरी हैदराबादेत झाली, हिमायतनगरात फ्लॅट झाला, पण आईचा हा नियम गावाहून निघाला तसाच तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचला. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. बाबा म्हणजे ‘हे’. बाहेरच्यांसाठी ‘घरचे’. कुठल्या ऑफिसात कुणी नाव विचारलंच तर ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची.

लहानपणी मला ते मिरवण्यासारखं वाटायचं. पुढं त्याचा राग यायला लागला. मी आबिड्सला एका बँकेत काउंटरवर बसते. दिवसभर लोकांना नाव विचारायचं आणि लिहायचं, हेच माझं काम. घरी मात्र माझी आई सख्ख्या नवऱ्याचं नाव विचारलं की तोंडात पदर धरायची. अडाणीपणा, दुसरं काय, असं मी तिच्या तोंडावर म्हणत असे. ती म्हणायची, ‘‘हौ, आहे मी अडाणी. तू शिकलीस ना, तू घे.’’

बाबांचं हृदय थकलं तेव्हा वर्षभरात त्यांना दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टर म्हणाले, आता घरीच राहू द्या, आम्ही इथून लक्ष ठेवू. दोन दिवसांनी एक सिस्टर घरी आल्या. चाळिशीच्या, तेलुगू, कामाला चोख. त्यांनी बाबांच्या छातीवर एक पट्टी चिकटवली, बीपीचा पट्टा आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र दिलं, रोज सकाळी उभं राहायला वजनकाटा दिला. सगळे आकडे आपोआप दवाखान्यात जाणार होते. तिथं एका मोठ्या खोलीत भिंतभर पडदे आहेत आणि आमच्यासारख्या शेकडो घरांच्या रेषा त्यावर चालतात, असं त्यांनी सांगितलं. बाबा खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी फायलीबाहेर कुणी त्यांची दखल घेत होतं.

आकडा बिघडला की मशिनचा फोन येणार होता. दिवसभर घरी आई असायची म्हणून पहिला नंबर तिचा. तो दोनदा फुकट गेला तरच माझा लागणार होता. फोन भलत्याच घरी लागू नये म्हणून मशिन आधी रुग्णाचं पूर्ण नाव विचारणार, बीप वाजला की ते सांगायचं, मग लाइन ड्यूटीवरच्या डॉक्टरकडे जाणार. सिस्टरनी आईला म्हटलं, ‘‘अम्मा, नाम बोल के देखो एक बार.’’ आई माझ्याकडे बघायला लागली.

सिस्टरना काय झालंय ते लगेच कळलं. त्यांच्या आजीचंही तसंच होतं म्हणे. त्या मला म्हणाल्या, नाव नको असेल तर चार आकडी नंबर ठेवता येतो, अम्मानं चार बटणं दाबली की झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, नाही, नावच ठेवा. तिला सवय होऊ दे. सिस्टरनी पुन्हा एकदा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या संध्याकाळपासून मी आईची शिकवणी घेतली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून मी तोंडानं बीप वाजवायची आणि म्हणायची, बोल. ती पोळी लाटत राहायची. बाबा बाहेरून ओरडायचे, ‘‘अगं घे की नाव, मी काय त्यानं मरतो का?’’ ती म्हणायची, ‘‘तोंड सांभाळा.’’ चौथ्या दिवशी मी हट्टालाच पेटले. ॲपमध्ये सरावाचा फोन मागवायची सोय होती. तो मागवला आणि फोन तिच्या हातात दिला. बीप वाजला. आईनं डोळे मिटले, पदर सारखा केला आणि बाबांचं नाव गुंफून एका दमात उखाणाच म्हणाली: हिमायतनगरच्या घराला लोखंडी कठडा, अमुकरावांचं नाव घेते, डॉक्टरांना धाडा.

मशिन म्हणालं, ‘‘माफ कीजिए, नाम मेल नहीं खाया.’’

बाबा खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले. आईसुद्धा हसली, कारण तिला तो उखाणा जमला होता. पण मी दुसऱ्या हातानं त्याचा व्हिडिओ काढला होता आणि रात्रीच्या जेवणाआधी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सिकंदराबादपासून लातूरपर्यंत सगळे लोळून हसले. आईला ते पंधरा दिवसांनी एका हळदीकुंकवात कळलं, एका बाईनं तिला कुंकू लावता लावता ‘डॉक्टरांना धाडा’ म्हटलं तेव्हा. घरी येऊन ती मला ओरडली नाही. म्हणाली, ‘‘नाव माझ्या नवऱ्याचं होतं, अन् तू ते गावभर वाटून आलीस.’’ त्यानंतर तिनं सराव केला नाही आणि मीही म्हटलं, नको करूस, तुझं तू बघ.

वाटही निघाली होती. दर सोमवारी दुपारी मशिनचा तपासणीचा फोन यायचा. आई तो उचलायची आणि बाबांच्या तोंडासमोर धरायची. बाबा स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव खणखणीत आवाजात सांगायचे. मशिन धन्यवाद म्हणायचं, बाबाही त्याला धन्यवाद म्हणायचे. सात-आठ सोमवार असे गेले. ज्या दिवशी खरंच गरज पडेल त्या दिवशी बाबांना बोलता येणार नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती असं मी म्हणू शकत नाही. आली होती. मला वाटलं, वेळ आली की बोलेल, झक मारत बोलेल.

वेळ आली तो सोमवारच होता. दुपारचे तीन वाजले असतील. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ फॉर्म भरत होते आणि आईचा फोन आला. ती म्हणाली, ‘‘अगं, त्याचा फोन आलता. नाव विचारायलंय. हे…’’ मी तिला पुढं बोलू दिलं नाही. मला वाटलं, नेहमीचा तपासणीचा फोन, बाबा न्हाणीघरात असतील, आणि ही एवढ्यासाठी मला बँकेत फोन करतेय. मी दात-ओठ खात हळू आवाजात म्हटलं, ‘‘आई, तुला एकच काम दिलंय. नाव सांगायचं. ते सांगितल्याशिवाय मला परत फोन करू नकोस.’’ आणि फोन ठेवून दिला. म्हाताऱ्या गृहस्थांना मी सही कुठं करायची ते दाखवलं.

तिनं परत फोन केला नाही. चार वाजायच्या आत शेजारच्यांचा आला.

पुढचं मला दवाखान्यात कळलं. तेराव्याच्या आधी मी तक्रार करायला गेले होते. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

पहिला फोन. बीप. आई मराठीत म्हणते, ‘‘हे उठेनात हो.’’ नाम मेल नहीं खाया. बीप. आई म्हणते, ‘‘मैं उनकी घरवाली बोल रही ना.’’ नाम मेल नहीं खाया. बीप. आता ती माझं नाव घेते आणि पुढं म्हणते, ‘‘के बाबा.’’ मशिन म्हणतं, कदाचित फोन चुकीच्या व्यक्तीनं उचलला आहे, आम्ही थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करू. या मधल्या वेळात तिनं मला फोन केला होता. ते त्यांच्याकडे रेकॉर्ड झालेलं नव्हतं.

दुसरा फोन अकरा मिनिटांनी. बीप वाजतो न वाजतो तोच आई बाबांचं नाव घेते. नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव. मी तो आवाज ओळखला नाही. नाव सांगितल्यासारखा तो नव्हताच. झोपलेल्या माणसाला हाक मारावी तसा होता. मशिन म्हणालं, धन्यवाद. मग डॉक्टर आले, ‘‘हाँ अम्मा, बोलिए, क्या तकलीफ है?’’ आई म्हणाली, ‘‘अब क्या बोलना.’’

रेकॉर्डिंग ऐकवणारे डॉक्टर तरुण होते आणि कंटाळलेले होते. ते म्हणाले, ‘‘देखिए मैडम, अटॅक बहुत बड़ा था। ग्राफ है मेरे पास। घर पे कुछ नहीं हो सकता था। दस-ग्यारह मिनट से कोई फरक नहीं पड़ता.’’ त्यांनी ती रेषा मला दाखवली. खरं सांगत होते की दवाखान्याची कातडी वाचवत होते, मला कळलं नाही. पण ते वाक्य मी घरी न्यायला हवं होतं. पाटीवर लिहून द्यावं तसं ते मला कुणीतरी दिलं होतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आई बाबांच्या पलंगावर बसून त्या बीपीच्या पट्ट्याची घडी घालत होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘मी नाव घेतलं म्हणून गेले का ग ते?’’

तेव्हा मला समजलं की हे पंधरा दिवस ती काय घेऊन बसली होती. तिच्या हिशेबानं तिनं नाव घेतलं आणि तेवढ्यानं त्यांचं उरलेलं आयुष्य संपलं. मला तिच्या शेजारी बसायला हवं होतं. डॉक्टरांचं वाक्य सांगायला हवं होतं. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या कानात माझाच आवाज होता, परत फोन करू नकोस म्हणणारा, आणि तो मला एकटीला सोसवत नव्हता.

मी म्हटलं, ‘‘घेतलं म्हणून नाही. उशिरा घेतलंस म्हणून.’’

तिनं मान हलवली. पट्ट्याची घडी पुरी केली आणि विचारलं, ‘‘किती उशीर?’’

‘‘अकरा मिनिटं.’’

‘‘अकरा,’’ ती म्हणाली आणि पट्टा डब्यात ठेवला.

मी त्या वेळी शांत झाले होते, हे लिहायला मला लाज वाटते. कुणावर तरी टाकून मोकळं झाल्यासारखं वाटलं होतं. तिनं मला उलट विचारलं नाही की मी तुला फोन केला होता त्याचं काय. आजपर्यंत विचारलेलं नाही. तिला ते आठवत नसेल असं मला कधी कधी वाटतं, आणि आठवत असेल असं बाकीच्या वेळी.

दवाखान्याच्या एका खोलीतल्या लोकांना बाबा गेल्याचं माहीत होतं, पण मशिनला कुणी सांगितलं नव्हतं. छातीवरची पट्टी गेल्यापासून त्याला आकडे मिळत नव्हते. पुढच्या सोमवारी दुपारी मी रजेवर घरीच होते. फोन वाजला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत धावले, पण आई फोनजवळच बसलेली होती. ती त्या वेळी तिथं मुद्दाम येऊन बसली होती, हे मला नंतर कळलं.

‘‘कृपया बीप के बाद मरीज का पूरा नाम बोलिए,’’ मशिन म्हणालं.

बीप वाजला. आईनं बाबांचं नाव घेतलं. सासऱ्यांचं नाव, आडनाव. पदर नाही, डोळे मिटणं नाही. शाळेत हजेरी द्यावी तसं, ताठ बसून.

‘‘धन्यवाद. मरीज की रीडिंग नहीं मिल रही है. अगर सब ठीक है तो एक दबाइए.’’

आईनं बोट एकवर नेलं आणि थांबली. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे तिनं पाहिलं, लहानपणी मी पाढे म्हणताना तिच्याकडे पाहायची तसं.

‘‘आता नाही ना झाला उशीर?’’ तिनं विचारलं.