बालीच्या समुद्राकाठी मुगाची खिचडी

लग्न झाल्यापासून आमची प्रत्येक मोठी सुट्टी पुण्यात गेली. ॲन्युअल लीव्ह म्हणजे सासर, हे ठरलेलंच. यंदा मी म्हटलं, बास! बालीला जायचं, दोघांनीच. मला पाण्यात शिरून कोरल बघायचं होतं. त्यासाठी मी पन्नाशीत, इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या लेजर सेंटरमध्ये लहान पोरांच्या शेजारी पोहायला शिकले. नाकातोंडात पाणी गेलं, तरी सोडलं नाही. आणि सुधीरने, माझ्या नवऱ्याने, काय करावं? तिकिटं फॅमिली ग्रुपवर टाकली! लगेच पुण्याहून मोठे दीर आणि जाऊ तयार. “दादाला नाही कसं म्हणू?” म्हणे. झालं.

बालीतलं उबुद सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? डोंगरउतारावरची भातखाचरं सकाळी लवकर बघा, नंतर झोपाळ्यावर फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. तीर्ता एम्पुलच्या देवळात कुंडात उतरायला लुंगीसारखा सारोंग लागतो, तो तिथेच मिळतो. ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी इंग्लंडात घरी मागवलेल्या एका फॅमिली टेकअवेच्या पैशांत होते. पण भाऊजींचं एकच. “हेच गुहागरला फुकट बघितलं असतं.” जेवण समोर आलं की जाऊबाई नाकाला पदर लावायच्या.

तिथून अमेडचा कोरलवाला समुद्र जवळजवळ तीन तास. रस्ता वळणावळणांचा, उलटीची गोळी घ्याच. सुधीरने किचनवाला व्हिला घेतला होता, “सगळ्यांना बरं पडेल” म्हणून. तुम्ही ही चूक करू नका.

कोरल बघायला बोट ठरवली होती, त्याच सकाळी भाऊजींचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी तिखटजाळ सांबलची चटणी चापली होती ना! जाऊबाई म्हणाल्या, “मला बाई परक्या शेगडीवर जमत नाही.”

सुधीर पाण्याखाली बघायचा मास्क घेऊन उभा. “तू थांबतेस का? मऊ खिचडी टाक जरा. मी जाऊन येतो, बोट कशाला वाया घालवायची?”

“सुधीर, तुला पोहता येत नाही.”

“लाइफ जॅकेट असतं गं.”

गेला! मी पुण्याहून आलेली मूगडाळ धुतली. खिडकीतून बोट लांब जाताना दिसत होती. इतकी चिडले होते की मीठ दोनदा पडलं. का थांबले, विचारू नका. सवय, दुसरं काय.

परत आल्यावर त्याने व्हिडिओ दाखवला. निळे मासे, मध्येमध्ये त्याचे पाय. “घे, तू बघितल्यासारखंच झालं!” दुपारी वारा सुटला, दुसऱ्या दिवशीही बोटी निघाल्या नाहीत. मग परतीचं विमान.

परवा लेस्टरला मैत्रिणीकडे जेवायला गेलो. सुधीर रंगात आलेला. “काय ते कोरल! ही तर खास पोहायला शिकली त्यासाठी.”

मैत्रीण म्हणाली, “मग? कसं वाटलं गं पाण्याखाली?”

“मला काय माहीत? मी खिचडी करत होते.”

सगळे ताटात बघायला लागले. परतताना गाडीत सुधीर म्हणाला, “चारचौघांत बोलायची काय गरज होती?”

“घरात बोलून झालं होतं.”

 मग म्हणतो कसा, “पुढच्या वर्षी दादा व्हिएतनाम म्हणतोय.”

“मग जा दोघं भाऊ. मी येणार नाही.”

तो हसला. त्याला वाटलं, राग उतरला की येईल. हे लिहीपर्यंत तरी उतरलेला नाही.