उभ्याने बघणाऱ्या हौसाक्का

हौसाक्का टीव्ही उभ्याने बघायच्या. घरात सोफा होता, खुर्च्या होत्या, सुनेने खास त्यांच्यासाठी आणलेली गादी होती. पण मालिका सुरू झाली की आक्का काठी फरशीवर रोवायच्या, तिच्या टोकावर दोन्ही हात ठेवायच्या, हातांवर हनुवटी टेकायच्या आणि एका पायावर भार देऊन तासभर तशाच उभ्या. दहिवडीच्या पुढच्या एका वाडीवरच्या त्या. उभी हयात मेंढरांमागे गेलेली. "बसा की आक्का," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की नदर मोडती, पोरी. बसलेल्या माणसाची मेंढरं चुकत्यात."

त्यांच्या मुलाला, मारुतीला, लोणंदच्या एका कंपनीत नोकरी लागली, त्याने मेंढरं विकली आणि कोरेगावात माझ्या शेजारी भाड्याने घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "मुडदा बशिवला तुजा! एवढा मोठा राजवाडा आन् दारात एक कुत्रं न्हाई?" मला वाटलं, सासू-सुनेचं वाजलं. मी धावत गेले तर सून संगीता शांतपणे शेंगा फोडत बसलेली, आणि आक्का एका ऐतिहासिक मालिकेतल्या सेनापतीला झापत होत्या. शत्रू खिडकीतून आत शिरला होता. "आमच्या पालाला चार कुत्री असायची," आक्का मला म्हणाल्या, "ह्या राजाला येक पाळता येत न्हाई, राज्य काय राखतोय त्यो?" अशी आमची ओळख झाली.

मी मालिकांचे संवाद लिहिते. हे सांगितलं की माणसं आधी "अरे वा" म्हणतात आणि मग आपण मालिका बघत नसल्याचं आवर्जून कळवतात. मला त्याचा आता राग येत नाही, कंटाळा येतो. आक्का सगळं बघायच्या आणि "अरे वा" कधीच म्हणायच्या नाहीत. म्हणून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. गेल्या माघात त्या गेल्या. त्यांच्याशी मी एकदा वाईट वागले. तेही इथे सांगायचं आहे, पण आधी त्या कशा बघायच्या ते सांगते.

त्या मोजायच्या. पडद्यावर काहीही चालत असलं की काठीवरची त्यांची बोटं एकेक करून हलायची. एका मोठ्या युद्धपटात हजारो घोडेस्वार दौडत येतात असं दृश्य होतं. आम्ही दोघी बघत होतो, मी चहा पीत आणि आक्का उभ्या. "चौतीस," त्या म्हणाल्या. "काय चौतीस?" "घोडी. त्या नाकावर पांढरा पट्टा असलेल्या तांबड्या घोड्याला चारदा पळवलंय. दमलंय बिचारं, तोंडाला फेस आलाय बघ." मी मागे नेऊन पाहिलं. तांबडा घोडा खरोखर चार वेळा जात होता. तो सिनेमा मी त्याआधी दोनदा पाहिला होता आणि त्यावर एका ठिकाणी चांगलं लिहिलंही होतं.

प्रेमपटांचं आणि त्यांचं जमायचं नाही. नायक पोरीच्या मागेमागे फिरायला लागला की त्या विचारायच्या, "ह्येला काम न्हाई व्हय? आन् तिला कुणी इचारलंय का?" कौटुंबिक मालिकांतल्या बायका भरजरी साड्या नेसून झोपतात, याचं त्यांना नवल नव्हतं, ज्याची त्याची हौस, म्हणायच्या. त्यांची तक्रार निराळी होती. "घरात धा माणसं, सकाळपासनं भांडत्यात. येक तरी बाई भाजी निवडताना दावा की! हात रिकामं असलं तर भांडतील न्हाई तर काय करतील?" मी त्या काळात एका भांडणाच्या प्रसंगात जावांना मेथी निवडायला बसवलं. दिग्दर्शकाला ते फार आवडलं. मलाच सुचलं, असं मी त्याला सांगितलं.

खुनांच्या मालिकाही मी त्यांना माझ्या लॅपटॉपवर दाखवल्या. एका नावाजलेल्या मालिकेतला पोलीस अधिकारी त्यांनी पहिल्या भागातच निकालात काढला. "ह्यो लय बोलतो. माग काढणारा माणूस कवा बोलतो व्हय? खाली मुंडी घालून चालतो त्यो." खुनी कोण हे त्यांनी दुसऱ्या भागात सांगितलं आणि ते बरोबर निघालं. कसं ओळखलंत म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "त्या बाईला बघून दारातलं कुत्रं उठलं न्हाई. रोजची येनारी हाय ती."

चांगल्या कामाला त्यांच्याकडे एकच शब्द होता: "राखलंय." वाईटाला "मोकाट सोडलंय." पाच-सहा वर्षांत 'राखलंय' मी मोजून दोनदा ऐकलं. एकदा एका अगदी संथ, बक्षीसपात्र वगैरे चित्रपटाला. त्यात एक बाई वीस मिनिटं पाणी आणते, बाकी काही घडत नाही. मला वाटलं, आता आक्का काठी आपटणार. आक्का हूं की चूं न करता उभ्या. शेवटी म्हणाल्या, "राखलंय. झऱ्यावर पोचल्याव तिनं आदी घागर भरली न्हाई. आदी सोता पिली. तहान लागल्याली बाई हाय ती, नटी न्हवं." दुसऱ्यांदा तो शब्द कुकरच्या जाहिरातीला मिळाला. माझ्या कामाला कधीच नाही, आणि खरं सांगते, मला तो हवा होता. चॅनेलच्या बक्षिसापेक्षा जास्त हवा होता.

आता ती गोष्ट. एका दुपारी एका मालिकेत तान्हं मूल जातं आणि आई ऊर बडवून रडते, असा भाग लागला होता. आक्का म्हणाल्या, "आसं न्हाई रडत कोण." मी म्हटलं, "मग कसं रडतात?" त्यांनी टीव्हीवरून नजर न काढता सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. नवरा मुंबईला गोदीत. दिराजावेबरोबर आक्का मेंढरं घेऊन खाली कोरेगावच्या बाजूला निघालेल्या. चार महिन्यांची पोर घोड्यावरच्या पाटीत निजवलेली. रात्री अंग तापलं होतं, सकाळी पुसेगावच्या अलीकडे पाटीत हात घातला तर पोर गार. शेतकऱ्याने खोरं दिलं. बांधाच्या कडेला पुरली.

"सांजच्याला मेंढरं मोजली," आक्का म्हणाल्या, "तर दोन कमी. मंग ती हुडकाय गेले."

"आणि रडलात कधी?"

"कवा रडू? दूध थांबंना. जावंला दूध नव्हतं, तिच्या पोराला पाजलं. त्ये आता येष्टीत कंडक्टर हाय. दिवाळीला येतं." मग टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या, "ही बाई लय खोटी हाय."

मला तेव्हा काय वाटलं ते कबूल करते. डोळे भरले, आणि त्याच क्षणी मनात आलं की हा भाग आपल्या मालिकेत फार चांगला होईल. माझी तेव्हाची मालिका एका धनगर बाईचीच होती. मी घरी जाऊन सगळं लिहून काढलं. पाटी, खोरं, दोन मेंढरं, जावेचं पोर. आक्कांना विचारलं नाही. विचारलं तर नको म्हणतील, ही भीती होती. म्हणजे विचारायला हवं हे मला माहीत होतं.

पुढे नेहमीचं झालं. चॅनेलकडून निरोप आला, मूल मारायचं नाही, प्रेक्षक दुसरीकडे जातात. मी भांडले. मी तशी फटकळ आहे, बरंच बोलले, आणि मग त्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं. आई बाळाला बांधावर ठेवून टाहो फोडते, तेवढ्यात एक कोकरू येतं, बाळाचा तळपाय चाटतं, आणि बाळ रडायला लागतं. साताऱ्याजवळच्या एका माळावर चित्रीकरण झालं. मागे कळप दिसायला हवा म्हणून अकरा मेंढरं भाड्याने आणलेली. ती कॅमेऱ्यापुढून तीन वेळा हाकली. मी तिथे उभी होते आणि मला फक्त काठीवरची बोटं आठवत होती.

भाग लागायचा त्या दिवशी मी एक शक्कल लढवली. आक्कांचा मोतीबिंदू दाखवायचा राहिलाच होता. मी त्यांना दुपारी साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं, मग गजरे घेतले, मग उसाचा रस, मग पुन्हा रस. सातच्या मालिकेला त्या घरी पोचू नयेत एवढ्याचसाठी. "आज लय लाडात आलीस गं," आक्का म्हणाल्या. आम्ही साडेआठला घरी आलो आणि मी सुटले म्हणून निजले. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी विसरले की आदल्या संध्याकाळचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला संगीता दारात आली. "ताई, आत्याबाई बोलवत्यात तुम्हाला." तिचा चेहरा पाहूनच मला कळलं. मी चपला न घालताच गेले.

आक्का बसल्या होत्या. सोफ्यावर, पाय खाली सोडून. काठी भिंतीला टेकवलेली. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती, ती त्या बघत नव्हत्या.

"ती बाई तू लिवलीस न्हवं?"

"हो, आक्का."

"माजं सांगितलंस."

"हो."

"मला इचारलं न्हाईस."

"नाही विचारलं. चुकलं माझं." त्यांनी काठी उचलून माझ्या पाठीत घातली असती तर बरं वाटलं असतं. आता मेंढरांचा विषय निघेल, मी मनाशी म्हटलं. अकराच हुती आन् तीनदा हाकली, म्हणतील. त्या मेंढरांचं काहीच बोलल्या नाहीत.

"कोकरू चाटलं म्हनून पोर उठत न्हाई," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे आक्का. खोटं आहे ते."

"लय खोटं हाय."

"हो."

संगीता स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. आक्कांनी डोळ्यांच्या कडा बोटाने पुसल्या. त्यांचे डोळे मोतीबिंदूनेही गळायचे, त्यामुळे मी काही ठरवत नाही.

"मोबाइलमंदी परत लागतं न्हवं त्ये?" त्यांनी विचारलं.

"लागतं."

"लाव."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि फोनवर तो भाग काढला. कोकराचा प्रसंग सहा मिनिटांचा आहे. आक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी जवळ धरला. मागून मेंढरं गेली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्यांची बोटं हलली नाहीत. बाळ रडलं, प्रसंग संपला. "परत," त्या म्हणाल्या. मी परत लावला. संपला. त्यांनी नुसताच फोन माझ्यापुढे केला, मी पुन्हा लावला.

तिसऱ्या वेळी ती आई टाहो फोडत होती. मला माझंच लिहिणं ऐकवेना, म्हणून मी आवाज कमी करायला हात पुढे केला. आक्कांनी माझं मनगट धरलं. हात खरखरीत होता आणि पकड घट्ट होती.

"थांब की," त्या म्हणाल्या. "आता उठंल बघ ती पोर."